प्रसाधनाचा गुण

मनुष्यानें आपल्या कातडीस कांहीं तरी चोपडावयास केव्हां आरंभ केला हें सांगणें कठीण आहे. परंतु ज्या दिवशीं त्यानें तसें केलें त्याच दिवशीं त्याला नांवें ठेवणाराही कोणी तरी जवळ बसलेला असावा, असें आम्हांस वाटतें. नटण्याची निंदा ही नटण्याइतकीच जुनी आहे. त्या जुन्या वादांत शिरण्याची आमची इच्छा नाहीं. ऐन थंडींत उघड्या पायांनीं राबणाऱ्या बाईच्या टांचांस भेगा पडतात, त्यांत कोकमाचें तेल, ज्याला कोंकणांत कित्येक ठिकाणीं भिरंडेल म्हणतात तें, भरलें म्हणजे तिला पाऊल टाकतां येतें. तान्ह्या मुलाचें अंग तेलानें रगडल्यावांचून त्याला न्हाऊं घालीत नाहींत. आणि नरकचतुर्दशीच्या पहांटे उटणें लागल्याखेरीज आळशांतल्या आळशी मुलाचीही दिवाळी सुरू होत नाहीं. याला कोणास चैन म्हणावयाची असेल तर खुशाल म्हणावी. त्वचा हा देहाचा सर्वांत विस्तृत अवयव आहे व त्याची निगा राखण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, एवढें गृहीत धरून आम्ही पुढें जातों.

आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. आज बाजारांत जी क्रीमची डबी मिळते तिच्यावर दोन प्रकारचीं आश्वासनें छापलेलीं आढळतात. पहिलें असें कीं, आंतील वस्तु लावल्यानें त्वचा मऊ, तुकतुकीत व निष्कलंक होईल. दुसरें असें कीं, ती वस्तु बनवितांना कोणा प्राण्यास दुखविलेलें नाहीं, ती वनस्पतिजन्य आहे, आणि तिच्यापासून पृथ्वीस उपद्रव होत नाहीं. पहिलें आश्वासन ग्राहकाच्या गरजेस उद्देशून असतें, दुसरें त्याच्या सदसद्विवेकबुद्धीस. सामान्य समजूत अशी दिसते कीं, हे दोन अगदीं वेगळे गुण असून त्यांत आंतून थोडें वैरही आहे. जें फार लागू पडतें तें थोडें पापी असावयाचेंच, आणि जें निष्पाप आहे तें जरा मिळमिळीत निघावयाचेंच. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. कां नाहीं, तें सांगण्यासाठींच हा लेख.

मराठींत औषध लागू पडलें म्हणजे 'गुण आला' असें म्हणतात, आणि माणूस सद्वर्तनी असला म्हणजे त्याला 'गुणी' म्हणतात. परिणाम व सदाचार हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत आले ते कोणी विचारपूर्वक आणले, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रस्तुत विषयापुरता हा योगायोग मोठा सोयीचा आहे. ज्याचा गुण येत नाहीं असें क्रीम गुणी असूं शकेल काय? आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे. कारण तें गालास लागण्यापूर्वींच त्याच्यापायीं पुष्कळ कांहीं खर्चीं पडलेलें असतें. जगांतील बहुतेक पामतेल इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून येतें, आणि त्या तेलापासून काढलेलीं द्रव्यें कित्येक साबणांत व क्रीमांत असतात. त्यासाठीं तेथलें अरण्य तुटलेलें आहे. डबीसाठीं प्लास्टिक लागलें, प्लास्टिकसाठीं खनिज तेल लागलें, आणि डबी दुकानापर्यंत आणावयास आणखी तेल जळलें. एवढें सारें होऊन गालावर कांहींच फरक पडला नाहीं, तर तो सर्व खर्च पाण्यांत गेला. आणि पाण्यांत गेलेल्या खर्चास 'निसर्गस्नेही' म्हणणें म्हणजे भरलें ताट उष्टें टाकून अन्नाची थोरवी गाण्यासारखें आहे.

पेट्रोलियम जेलीचें साधें उदाहरण घ्या. चेसब्रो नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. ती खनिज तेलांतून निघते म्हणून आजच्या पुष्कळ सोंवळ्या मंडळींस ती वर्ज्य वाटते. परंतु कातडींतील ओलावा उडून जाऊं न देण्याच्या कामीं तिच्या तोडीचें द्रव्य अद्यापि विरळाच. ती सहसा नासत नाहीं, क्वचितच कोणास बाधते, आणि गरिबास परवडते. तिच्या जागीं दूरदेशच्या फळाचें, अनेकपट महाग आणि तिच्याहून कमी उपयोगी लोणी लावल्यानें पृथ्वीचें कोणतें ऋण फिटतें, हें आम्हांस उमगलेलें नाहीं. भिरंडेलाची गोष्ट वेगळी. तें आपल्याच परसांतलें, आणि सरबतासाठीं व आमसुलांसाठीं फोडलेल्या फळाच्या उरलेल्या बियांतून निघतें.

तथापि केवळ गुण आला म्हणजे सारें आलें असेंही नाहीं. पारा हें याचें ढळढळीत उदाहरण. पाऱ्याचे क्षार कातडीस रंग देणारें द्रव्य तयार होऊं देत नाहींत. म्हणून पारा घातलेल्या क्रीमचा गुण खरोखरच येतो, आणि तोही लौकर येतो. चेहरा उजळतो, शेजारणी विचारपूस करूं लागतात. तोच पारा कातडींतून रक्तांत आणि रक्तांतून मूत्रपिंडांत उतरतो. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी पाहिले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरें करणारें क्रीम लावीत असल्याचें निष्पन्न झालें. प्रसाधनांतील पाऱ्यावर २०१३ च्या मिनामाता करारानें राष्ट्राराष्ट्रांनीं निर्बंध घातले व २०२३ सालीं ते आणखी आवळले. परंतु ज्या डब्यांवर बनविणाराचें नांवही नसतें, त्या करार वाचून बाजारांत येत नाहींत.

येथें दोष एकट्या पाऱ्याचा आहे काय? भेगाळलेली टांच ही कातडीची तक्रार आहे. सांवळा रंग ही कातडीची तक्रार नव्हे. ती वरपक्षाची तक्रार आहे. कातडीला त्या रंगानें कांहींच दुखत नाहीं, उलट आमच्या उन्हांत तो तिचा आधार आहे. १९७५ सालीं निघालेल्या एका सुप्रसिद्ध भारतीय क्रीमच्या नांवांतच 'फेअर' हा शब्द होता. २०२० सालीं तो काढून 'ग्लो' हा शब्द घातला गेला. नांव बदललें हें बरें झालें. परंतु वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द ज्या दिवशीं छापेनासा होईल त्या दिवशीं या व्यापाराचें मूळ तुटेल, तोंवर डबीवरच्या पाटीशीं भांडून फारसा उपयोग नाहीं. मुलीच्या रंगाविषयीं तिच्यादेखत उसासे टाकणारी मावशी हीही या उद्योगाची बिनपगारी विक्रेतीच होय.

आतां मुक्या प्राण्यांकडे वळूं. सशाच्या डोळ्यांत प्रसाधनाचीं द्रव्यें घालून पाहण्याची रीत किती अघोर आहे, हें सुशिक्षितांस सांगावयास नको. पण ही रीत उत्पन्न कशी झाली, हें फारसें कोणी सांगत नाहीं. पापण्यांस काळा रंग देणारें 'लॅश ल्यूर' नांवाचें एक द्रव्य १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत विकलें जात असे. त्यानें कित्येक स्त्रियांच्या डोळ्यांस इजा झाली, कांहींची दृष्टि गेली, एक तर प्राणास मुकली. आणि प्रसाधनांवर सरकारचा म्हणण्यासारखा कांहीं अंमलच नसल्यामुळें तें द्रव्य बाजारांतून उठवितां येईना. त्यांतून १९३८ चा कायदा झाला, आणि पुढें १९४४ सालीं जॉन ड्रेझ या सरकारी शास्त्रज्ञानें सशांवरील परीक्षेची पद्धति प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या कृत्यास आज आपण क्रौर्य म्हणतों तें एका काळीं दयेच्या पोटीं जन्मलें होतें. स्त्रियांचे डोळे वांचावेत म्हणून सशांचे डोळे दिले गेले. त्या वेळीं तिसरा मार्ग ठाऊक नव्हता. परंतु तो ठाऊक नसणें ही एक गोष्ट, आणि तो शोधावयाचाच नाहीं असें ठरविणें ही दुसरी. पुढें कित्येक दशकें दुसरीच गोष्ट चालली. १९८० सालीं हेन्री स्पायरा यानें न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून जाहीर सवाल टाकला, तेव्हां कोठें मोठ्या कंपन्यांनीं या शोधासाठीं पैसे बाहेर काढले.

तिसरा मार्ग सांपडला, आणि तो अधिक चांगला निघाला. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मानवी कातडीच्या पेशींपासून कांचपात्रांत कातडीचा पातळ थर वाढवितां येतो व द्रव्याची दाहकता त्यावर पाहतां येते; ही परीक्षा २०१० सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता पावली. सशाची कातडी शेवटीं सशाची; हा थर माणसाच्या पेशींचा. युरोपीय संघानें २०१३ सालीं प्राण्यांवर परीक्षिलेल्या प्रसाधनांची विक्री बंद केली, आणि आमच्या देशानें २०१४ सालीं अशी परीक्षा व अशा मालाची आयात दोन्ही बंद केलीं. (युरोपांत रसायनविषयक दुसऱ्या कायद्याच्या दारानें कांहीं परीक्षा अजून आंत येतात, आणि २०२३ सालीं तेथील न्यायालयानें तें दार उघडेंच ठेविलें, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.) या हकीगतींत दया व शास्त्र यांचा झगडा कोठें दिसतो? दयेनें शास्त्रास अधिक परिश्रम करावयास लावलें, एवढेंच दिसतें.

उलट, दया किंवा भीति शास्त्रास सोडून एकटीच निघाली म्हणजे काय होतें, त्याचें एक उदाहरण आम्हांस फार उद्बोधक वाटतें. ज्या प्रसाधनांत पाणी आहे त्यांत जंतु वाढतात, म्हणून त्यांत नासूं न देणारें कांहीं द्रव्य घालावें लागतें. पॅराबेन नांवाचीं द्रव्यें त्या कामीं अनेक दशकें वापरांत होतीं. २००४ सालीं एका ब्रिटिश प्रयोगशाळेनें स्तनाच्या कर्करोगाचे २० नमुने तपासले व त्यांत पॅराबेनांचा अंश मिळाल्याचें प्रसिद्ध केलें. निरोगी स्तनाचे नमुने तुलनेस घेतलेले नव्हते, आणि पॅराबेनांमुळें रोग झाला असें त्यावरून ठरत नव्हतें. पण वार्ता पसरावयास एवढें पुरलें. घरोघरच्या सावध आया डब्यांवरील बारीक अक्षरें वाचूं लागल्या. कंपन्यांनीं 'पॅराबेनमुक्त' हीं ठळक अक्षरें छापलीं. आणि रिकाम्या झालेल्या जागीं पुष्कळांनीं मेथिलआयसोथायाझोलिनोन नांवाचें द्रव्य घातलें. थोड्याच वर्षांत युरोपांतील त्वचारोगतज्ज्ञांकडे खाज, पुरळ व सुजलेले चेहरे घेऊन येणारांची रीघ लागली. अमेरिकेंतील त्वचावैद्यांच्या एका मंडळानें २०१३ सालीं या नव्या द्रव्यास 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ही पदवी दिली, आणि युरोपीय संघानें २०१६ सालीं निर्णय घेऊन अंगावर तसेंच राहूं द्यावयाच्या प्रसाधनांतून तें हद्दपार केलें. २०१९ सालीं त्याच मंडळानें पॅराबेनांस 'वर्षाचा निरुपद्रवी' ठरविलें! सर्वच पॅराबेनें निर्दोष ठरलीं असें मात्र नाहीं. त्यांपैकीं पांचांवर युरोपांत २०१४ सालींच बंदी आली, कित्येकांचें प्रमाण कमी केलें गेलें, आणि कांहीं पूर्वींच्याच प्रमाणांत वापरण्यास मोकळीं राहिलीं. इतका बारीक विवेक ठळक अक्षरांत मावत नाहीं, हीच तर अडचण आहे. लोकांच्या कातडीस जी इजा झाली ती कोणा लोभी माणसाच्या दुष्टाव्यामुळें नव्हे. सद्हेतूनें घाई केली, आणि व्यापारानें त्या घाईचें सोनें केलें.

'नैसर्गिक' या शब्दाविषयीं आमचा संशय याच जातीचा आहे. आमच्या आज्यांच्या उटण्यांत नासूं न देणारें द्रव्य नव्हतें, असें अभिमानानें सांगतात. तें खरें, परंतु त्याचें कारण त्या उटण्यांत पाणीही नव्हतें. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा यांचें कोरडें चूर्ण वर्षभर टिकतें, आणि आयत्या वेळीं त्यांत दूध किंवा तेल कालवितात. हें शहाणपण घेण्यासारखें आहे; क्रीमच्या डबींत बहुधा अर्ध्याहून अधिक पाणीच भरलेलें असतें, तें गांवोगांव वाहून न्यावयाचें व त्याला नासूं द्यावयाचें नाहीं, हा सारा खटाटोप कोरड्या वस्तूस करावा लागत नाहीं. पण त्याच उटण्यांत पुष्कळ ठिकाणीं जटामांसी घालतात. जटामांसी हिमालयाच्या उंच माथ्यावर, सुमारें ३,००० मीटरच्या वर उगवते. तिचें मूळच वापरांत येत असल्यामुळें तें खणलें कीं झाड संपलें. आणि आज तिची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते. जंगली चंदनाची अवस्थाही फारशी निराळी नाहीं. नागरमोथा शेतांत तण म्हणून माजतो, तो हवा तेवढा उपटावा. जटामांसीचें तसें नाहीं. दोन्ही वनस्पतीच, दोन्ही 'शुद्ध देशी', दोन्ही एकाच पुडींत. पण एकीचा हिशेब शून्य आणि दुसरीचा जबर. 'नैसर्गिक' या एका शब्दाखालीं दोहोंस झांकणें म्हणजे हिशेबाची वही मिटून ठेवणें होय.

या वहींतील सर्वांत अवघड पान अभ्रकाचें आहे. गालास किंवा पापण्यांस जी मंद चकाकी येते ती बहुधा अभ्रकाच्या कणांची. झारखंडांतील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारांतील नवादा हा त्याचा जुना मुलूख. विजेच्या यंत्रांसाठीं येथील अभ्रक एके काळीं जगभर जाई. पुढें त्याची मागणी घटली, १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर राहिलेल्या खाणींवरही गदा आली, आणि त्या कायद्याच्या दृष्टीनें बहुतेक बंद झाल्या. पोट मात्र बंद झालें नाहीं. टाकून दिलेल्या खाणींतून व ढिगाऱ्यांतून लोक अभ्रकाचे तुकडे वेंचूं लागले. त्या तुकड्यांस तिकडे 'ढिबरा' म्हणतात. अरुंद बिळांत लहान अंग सहज शिरतें म्हणून मुलेंही या कामास लागलीं. २०१६ सालीं रॉयटर्स प्रतिष्ठानच्या वार्ताहरांनीं चौकशी केली, तेव्हां मागच्या अवघ्या दोन महिन्यांत निदान सात मुलें या बेकायदा खाणींत दगावल्याचें उघडकीस आलें. खाण कागदोपत्रीं नसल्यामुळें मृत्यूही कागदोपत्रीं येत नाहीं. क्रीम लावणारीनें निदान पैसे मोजून तें मागितलेलें असतें. बिळांत उतरणाऱ्या मुलास कोणी कांहीं विचारलेलेंच नाहीं.

हें कळल्यावर भल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया अशी होते कीं, असलें अभ्रक नकोच. कित्येक उत्पादकांनीं तसेंच केलें. अतितीव्र उष्णतेंत खनिजें वितळवून केलेलें कृत्रिम अभ्रक त्यांनीं पत्करलें. त्याची चकाकी अधिक एकसारखी असते, आणि त्यांत कोणाच्या मुलाचें रक्त नाहीं. परंतु कोडरम्याच्या बाजूनें पाहिलें म्हणजे चित्र पालटतें. गिऱ्हाईक निघून गेलें. ढिबऱ्याचा भाव पडला. आतां तेवढ्याच ज्वारी-तांदळासाठीं त्या कुटुंबास अधिक वेंचावें लागणार. शिवाय हें अभ्रक रंगांत व यंत्रांतही जात असल्यामुळें धंदा मुळींच बंद पडणार नाहीं. फक्त ज्यांना लाज वाटत होती तेवढे गिऱ्हाईक कमी होतील आणि ज्यांना वाटत नाहीं ते उरतील. आपले हात निर्मळ ठेवणें आणि दुसऱ्याचें दुःख कमी करणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळां त्या बरोबर जातात म्हणून आपण त्या एकच समजतों. येथें त्या फुटून निघतात. ज्यांनीं वर्षानुवर्षें त्या डोंगरांतून नफा काढला त्यांनीं बातमी छापून येतांच हात धुवून निघून जावें, यास आम्ही शुचिता म्हणूं. नीति म्हणण्यास आमची जीभ कचरते. २०१७ सालीं पॅरिस येथें कांहीं उत्पादकांनीं मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' ही संस्था काढली. तेथून निघून न जातां त्याच गांवांत शाळा, मजुरी व खरेदीची नोंद सुधारावी, असा तिचा मार्ग आहे. हा मार्ग सावकाशीचा आहे, त्यांत ढोंगास भरपूर वाव आहे, आणि 'अभ्रकमुक्त' या एका शब्दाइतका तो डबीवर शोभत नाहीं. तरी दोहोंतून निवड करावयाची झाल्यास आमचें मत याच्याच बाजूला पडेल. मात्र मुलें बिळाबाहेर आलीं किंवा नाहीं हें कंपनीच्या अहवालावरून नव्हे, तर तेथल्या शाळेच्या हजेरीपटावरून पाहिलें पाहिजे.

राहिला प्रश्न आमच्या स्वतःच्या घरचा. दिवाळीच्या आधीं महिनाभर महाराष्ट्रांतील गांवोगांवचे महिला बचत गट उटणीं व साबण करावयास बसतात. त्यांत लोभ थोडा आणि कष्ट फार. त्या मालावरही 'शंभर टक्के नैसर्गिक' असेंच छापलेलें असतें, कारण बाजारानें तेवढेंच शिकविलें आहे. आंत जटामांसी आहे काय, साबणांतील कॉस्टिक पुरतें जिरलें आहे काय, हळदींत भेसळीचा रंग नाहीं ना, हें पाहण्याचें साधन त्यांच्यापाशीं नसतें. आणि ज्या मोठ्या कंपनीपाशीं तें सारें असतें तिच्याशींच त्यांस झुंजावयाचें असतें. वस्तूचा पुरता हिशेब ठेवणें हें जर बनविणाराचें कर्तव्य असेल, तर तें पार पाडण्याचें साधन गरीब बनविणारास मिळवून देणें हें इतरांचें कर्तव्य होतें. आमची सूचना लहानशीच आहे. दापोली येथें १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे, प्रत्येक जिल्ह्यांत रसायनशास्त्र शिकविणारीं महाविद्यालयें आहेत. त्यांनीं भाद्रपदांत आपल्या प्रयोगशाळा आठ-पंधरा दिवस या बायकांच्या मालासाठीं मोकळ्या ठेवाव्यात. साबणाची दाहकता, हळदीचा कस, चूर्णांतील ओल, एवढेंच जरी विद्यार्थ्यांनीं तपासून दिलें, आणि पुडीवर 'नैसर्गिक' ऐवजीं आंतील प्रत्येक मुळीचें नांव व ती कोठून आली हें छापलें, तर अशा पुडीस चार रुपये अधिक द्यावयास आम्ही तयार आहों. वाचकांपैकीं किती जण तयार होतील, तें येत्या दिवाळींत दिसेल.